तीन परीक्षक, एकच मानक

आमच्या नासमध्ये १९२४ पासून घोड्यांच्या शर्यती होतात. तिथे कोण जिंकलं, हे शेवटची रेषा ठरवते. कुत्र्यांच्या शोमध्ये अशी रेषा नसते. कुत्रा जातीच्या लिखित मानकाला किती उतरतो, हे परीक्षक आपल्या नजरेनं ठरवतो. आयर्लंडमध्ये चॅम्पियन व्हायला 'ग्रीन स्टार' जमवावे लागतात. ब्रिटनमध्ये तीन वेगवेगळ्या परीक्षकांची तीन प्रमाणपत्रं लागतात, त्यातलं किमान एक कुत्रा वर्षाचा झाल्यावरचं.

'वेगवेगळे परीक्षक' हा नियम मला प्रामाणिक वाटतो. एकाची नजर चुकू शकते, याची ती कबुलीच आहे. शोधनिबंधालाही म्हणूनच एकाहून जास्त समीक्षक असतात. पण मानकच चुकलं तर? तिघंही एकमतानं चुकतात. चपट्या नाकाचे, धापा टाकणारे कुत्रेही चॅम्पियन झालेच की! २००८ मध्ये बीबीसीच्या माहितीपटानं यावर बोट ठेवलं, तेव्हा कुठे ब्रिटिश केनेल क्लबनं २००९ मध्ये मानकं सुधारली.

आपल्या दख्खनच्या माळावर कारवान कुत्रा सशामागे धावून पारखला जायचा. दम लागला की खोट उघडी पडायची. किताबाआधी प्रत्येक मानकानं एवढं तरी विचारावं: याला नीट श्वास घेता येतो का?