उच्चार आणि अवतार

या लेखाचे मूळ एका चुकीत आहे आणि ती चूक माझी आहे.

२०१० साली एम. नाइट श्यामलन यांचा ‘द लास्ट एअरबेंडर’ हा चित्रपट आला. पुढच्या वर्षी मी एका छोट्या नियतकालिकात त्यावर दोन पानांचे टिपण लिहिले. अवतारकल्पना आणि दशावतारी नाटक हा माझा पंचवीसेक वर्षांचा विषय. नोकरी सांभाळून, रजा टाकून, जत्रांमागून फिरत केलेला. त्यामुळे परदेशी पडद्यावर ‘अवतार’ हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. चित्रपट सामान्य आहे हे मला दिसत होते. तरी टिपणात मी एका गोष्टीची तोंडभरून तारीफ केली: मूळ अमेरिकन मालिकेत ज्याला ‘ॲव्हटार’ म्हणत, त्याला या चित्रपटातली पात्रे जवळजवळ आपल्यासारखे ‘अवतार’ म्हणतात. केरळच्या किनाऱ्यावर, पण पुदुच्चेरीच्या कारभारात असलेल्या माहे गावी जन्मलेल्या दिग्दर्शकाने आपला शब्द आपल्याला परत दिला, असे काहीतरी भारदस्त वाक्यही त्यात होते.

टिपण छापून आले आणि माझ्या भाचीने ते वाचले. ती तेव्हा पुण्यात अभियांत्रिकीला होती. सुट्टीत घरी आली ती अंक हातात घेऊनच. म्हणाली, “मामा, तू मालिका बघितलीस का?”

मी म्हटले, “लहान मुलांची कार्टून मालिका ती. दोनचार तुकडे पाहिलेत.”

“मग तू लिहिलंस कशावर?”

हा प्रश्न मला चांगलाच लागला, कारण तो माझ्या ओळखीचा होता. पदवीपलीकडे शिक्षण नसलेल्या माणसाला चर्चासत्रात अभ्यासक विचारतात, “मूळ ग्रंथ पाहिलाय का?” आणि तोच माणूस त्या अभ्यासकांना मनात विचारत असतो, “तुम्ही एकतरी नाटक पहाटेपर्यंत बसून पाहिलंय का?” भाचीने त्या सुट्टीत मला लॅपटॉपसमोर बसवले. एकसष्ट भाग. त्यानंतर मी ती मालिका तीनदा पाहिली आहे. ते टिपण मी इथे मागे घेतो आहे, पण नुसते मागे घेऊन भागणार नाही. ते का चुकले हे सांगायला हवे.

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको या दोघांनी निर्माण केली. ती निकलोडियन वाहिनीवर फेब्रुवारी २००५ ते जुलै २००८ या काळात दाखवली गेली. जल, पृथ्वी, अग्नी अशी तिची तीन पर्वे आहेत. जगात चार राष्ट्रे आहेत आणि प्रत्येक राष्ट्रातल्या काही माणसांना एकेक महाभूत वळवता येते. चारही वळवू शकणारा एकटा अवतार. अग्निराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी वायुपंथी भिक्षूंचा समूळ संहार केला आणि नेमका तेव्हा अवतार नाहीसा झाला. तो बारा वर्षांचा आंग नावाचा मुलगा बर्फात गोठलेला सापडतो आणि गोष्ट सुरू होते. जेम्स कॅमेरॉन यांच्या २००९ मधल्या चित्रपटाने ‘अवतार’ हे नाव आधीच घेतल्यामुळे श्यामलन यांच्या चित्रपटाला ते शीर्षकात वापरता आले नाही. शब्दाचा उच्चार सुधारला, आणि शब्दच नावातून गेला.

आता उच्चाराकडे येतो. चित्रपटात ‘आंग’चा ‘ऑंग’ झाला, ‘सॉका’चा ‘सोका’, ‘आयरो’चा ‘ईरो’. आशियाई वळणाचा उच्चार हवा, ही त्यामागची भूमिका. ऐकायला ती विद्वत्तेची वाटते, आणि मीही तिलाच भुललो. पण शब्द शुद्ध म्हटल्याने वस्तू हाती येत नाही. मालिकेतला ‘अवतार’ मुळात आपला अवतार नाहीच. पुराणातला अवतार वरून खाली येतो, कार्य करतो आणि निजधामाला जातो. मालिकेतला अवतार मरतो आणि ठरलेल्या क्रमाने पुढच्या राष्ट्रात जन्म घेतो: अग्नी, वायू, जल, पृथ्वी आणि पुन्हा अग्नी. हा पुनर्जन्म आहे, आणि त्याची ओळख पटवण्याची रीत तिबेटी आहे. आंग लहान असताना भिक्षूंनी हजारो खेळणी त्याच्यापुढे मांडली आणि त्याने नेमकी चार उचलली, जी आधीच्या अवतारांची होती. दलाई लामांच्या शोधकथा वाचलेल्याला हा प्रसंग लगेच ओळखू येईल. म्हणजे शब्द वैष्णव, कल्पना बौद्ध. मी टिपणात शब्दाची जात तपासत बसलो आणि कल्पनेकडे पाहिलेच नाही. माझ्या भाचीला संस्कृत येत नाही, पण खेळण्यांचा तो प्रसंग कोणत्या भागात आहे हे तिला तोंडपाठ होते.

त्याच भागाचे नाव ‘वादळ’. पहिल्या पर्वातला हा बारावा भाग चित्रपटाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. आंग आपण का पळालो ते कटाराला सांगतो: ज्या ग्यात्सो गुरुजींनी त्याला वाढवले, त्यांच्यापासून त्याला तोडण्याचे वडील भिक्षूंनी ठरवले होते. त्याच वादळात आंगचा पाठलाग करणाऱ्या जहाजावर आयरो खलाशांना झुकोची हकिकत सांगतो. झुको हा अग्निराजाचा मुलगा. युद्धमंडळात नव्या भरतीच्या पोरांची तुकडी आमिष म्हणून बळी द्यायचे ठरत होते, आणि तेरा वर्षांचा झुको त्याविरुद्ध बोलला. त्याबद्दल बापाने द्वंद्वात त्याचे तोंड भाजले आणि त्याला देशोधडीला लावले. एक मुलगा प्रेमापोटी पळाला, दुसऱ्याला दयेपायी हाकलले. दोन्ही कथा आलटून पालटून येतात आणि पाठलाग करणारा व पळणारा एकाच मापाचे निघतात. चित्रपटात आंग पळतो, कारण अवताराला संसार करता येत नाही असे त्याला सांगितले जाते. बारा वर्षांच्या पोराला संसाराची कसली काळजी? आणि झुकोची हकिकत एका गावकरी मुलाकडून पाठ म्हटल्यासारखी वदवून घेतली जाते. माहिती सगळी आली. दुःख तेवढे वगळले गेले.

वेळ कमी होता, असा बचाव होऊ शकतो. वीस भागांचे साडेसात तास एकशे तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे काटछाट आलीच. पण काय काटले यावरून कापणाऱ्याची समज कळते. तुरुंगाचा प्रसंग घ्या. मालिकेत पृथ्वीवाले कैदी समुद्रातल्या एका लोखंडी तळावर ठेवलेले असतात. आसपास मातीचा कण नाही, म्हणून ते हतबल. कटारा मुद्दाम स्वतःला पकडवून घेऊन तिथे जाते आणि आवेशाने भाषण करते. कोणीही उठत नाही. भाषण साफ पडते. मग आंग आणि सॉका तळघरातला कोळसा वाऱ्याच्या झोताने वर उडवतात. कोळसाही जमिनीतूनच आलेला. तरीही कैदी बिचकतातच. तुरुंगाधिकारी त्यांची टिंगल करतो, तेव्हा कुठे एक ढेकूळ हवेत उठते. चित्रपटाने हा तुरुंग चक्क उघड्या जमिनीवर आणला. भोवती दगडमातीच. आंग त्यांना सांगतो की तुमच्या पायाखाली जमीन आहे, आणि ते लढू लागतात. ही गोष्ट इतकी वर्षे त्यांच्या ध्यानात आली नव्हती म्हणायची! गुलामी मनात कशी मुरते, हे मालिकेने मुलांना कोळशातून दाखवले. चित्रपटात ते कैदी केवळ मंद ठरतात. त्याच प्रसंगात पाचसहा जण बराच वेळ हातवारे करतात तेव्हा एक दगड संथपणे तरंगत जातो. चाहत्यांत या दगडाची थट्टा अजून संपलेली नाही.

ही थट्टा वरवरची नाही. मालिकेत हालचाल म्हणजेच स्वभाव असतो. युद्धकलेचे सल्लागार सिफू किसू यांच्या मदतीने प्रत्येक महाभूताला एकेक चिनी पद्धती दिली गेली: पाण्याला ताई ची, पृथ्वीला हुंग गार, अग्नीला उत्तर शाओलिन, वायूला बाग्वा. बाग्वात माणूस वर्तुळात चालतो, समोरच्या घावाला बगल देतो, सतत मागे सरकत राहतो. जबाबदारीपासून पळालेल्या मुलाला याहून योग्य पदन्यास कोणता? आमच्या दशावतारात युद्धाला पखवाज आणि झांज लागली की जुने प्रेक्षक नटाच्या तोंडाकडे पाहत नाहीत, पायांकडे पाहतात. राजाचे पाय राजासारखे पडले नाहीत तर पुढचे संवाद कितीही चांगले असोत, तो पडलाच. कथा त्यांना आधीच ठाऊक असते. ते बघायला आलेले असतात ती अंमलबजावणी. चाहता हा असा प्रेक्षक आहे. त्याच्या तक्रारीला आपण हट्ट म्हणतो, पण ती बहुधा अशा पायांबद्दलची असते.

मालिकेने सगळ्यात मोठी मजल कुठे मारली असे मला कोणी विचारले, तर मी युद्धाचा प्रसंग सांगणार नाही. दुसऱ्या पर्वात ‘बा सिंग से’ या नगरातल्या छोट्या छोट्या गोष्टींचा एक भाग आहे. त्यात म्हातारा आयरो बाजारातून फिरतो. रडणाऱ्या पोराला गाणे म्हणून हसवतो, लुटायला आलेल्या भुरट्याला नीट उभे राहायला शिकवतो आणि चहा पाजतो. संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली तो एका तरुणाचे चित्र मांडतो. तो त्याचा मुलगा, आणि आज त्याचा वाढदिवस. ही सगळी दोनचार मिनिटे आहेत. प्रेक्षकाला मात्र आठवत असते की याच आयरोने सेनापती म्हणून याच नगराला सहाशे दिवस वेढा घातला होता आणि त्या वेढ्यातच मुलगा गेला. ज्या नगराच्या तटावर पोरगा मेला, त्या नगरातल्या पोरांना तो खेळवतो आहे. आयरोला आवाज देणारे माको २००६ मध्ये वारले आणि ही कथा त्यांच्या स्मृतीला वाहिलेली आहे. माझी भाची या जागी उठून पाणी प्यायला गेली. मला वाटते पाण्यासाठी नव्हे.

पात्रनिवडीबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मालिकेतले जग उघडच आशियाई आणि ध्रुवीय आदिवासींच्या वळणाचे आहे. चित्रपटात तिन्ही नायक गोरे झाले आणि अग्निराष्ट्राच्या वाट्याला देव पटेल, आसिफ मांडवी यांच्यासारखे भारतीय वंशाचे नट आले. आशियाई अमेरिकनांच्या संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. श्यामलन यांनी आपली पात्रयोजना विविधरंगी असल्याचे सांगून तिचे समर्थन केले. माझ्या टिपणात यावर अवाक्षर नव्हते. मुलांचा वंशसंहार करणारे लोक आमच्या तोंडवळ्याचे आणि त्यांना वाचवणारे गोरे, हे पडद्यावर पाहूनही मी ‘अवतार’ शब्दातल्या ‘अ’वर खूश होतो!

चाहत्यांचे सगळेच मी मान्य करतो असे मात्र नाही. मालिकेत पथिक नावाचे एक गुरू आहेत. ते आंगला सात चक्रे समजावतात आणि कांदाकेळ्याचा रस पाजतात. प्रत्येक चक्राला एकेक मनोविकार आडवा येतो, भय, अपराधभाव, लाज, शोक असे. रचना देखणी आहे, पण आपल्या योगग्रंथांशी तिचा संबंध दूरचा, आणि तो विनोदी भारतीय हेल तर अमेरिकन दूरदर्शनच्या जुन्या सवयीतला. हे मी भाचीला सांगितले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “हो, तो भाग आम्हालाही खटकतो.” मला भक्त अपेक्षित होता. समोर परीक्षक निघाला.

शेवटचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. अंतिम भागांत आंगने अग्निराजा ओझाईला मारावे असे सगळ्यांचे मत. आंग भिक्षू, त्याला हत्या मान्य नाही. तो आधीच्या अवतारांना विचारतो. यांगचेन ही त्याच्याच वायुपंथातली स्त्री, तीही म्हणते की जगासाठी स्वतःच्या आत्म्याची शुद्धीही सोडावी लागते. हा जवळजवळ कुरुक्षेत्रावरचा युक्तिवाद, आणि आंग तो नाकारतो. तो राजाची शक्ती काढून घेतो आणि त्याला जिवंत ठेवतो. ही विद्या त्याला आयत्या वेळी एका अजस्र सिंहकासवाकडून मिळते, याला पळवाट म्हणणारे चाहतेही आहेत. मलाही ती तशी वाटते. पण नृसिंहापासून कृष्णापर्यंत आपले अवतार जे करतात, त्याला नकार देणारा अवतार मुलांसमोर उभा करणे ही साधी गोष्ट नव्हे.

गेल्या हिवाळ्यात एका जत्रेत, रंगपटात, साठ वर्षे राजपार्ट केलेल्या एका म्हाताऱ्या नटाला मी ही कथा सांगितली. विडी विझेपर्यंत त्यांनी ऐकून घेतले. “मगे त्या राजाचा काय झाला?”

मी म्हटले, शक्ती गेली, कोठडीत पडला.

ते थोडा वेळ तोंडावरचा रंग पुसत राहिले. “मरूचा काम सोप्पा. आडवो पडलो की झाला. जितो रवान हरलेलो दाखवचो तर नट चांगलो व्हयो.”

घरी आल्यावर मी तो भाग पुन्हा लावला. ओझाई कोठडीत केस मोकळे सोडून बसलेला आहे आणि झुको समोर उभा राहून त्याला विचारतो आहे, आई कुठे आहे.