आढ्याला खोचलेला कोयता

ऊसतोडीच्या टोळीत ‘कोयता’ हा शब्द अवजारासाठी चालतो तसाच माणसांसाठीही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर. दिवाळीच्या मागेपुढे आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, पालमकडच्या गावांतून असे कोयते ट्रक-ट्रॅक्टरांत बसून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. गेल्या काही वर्षांत हाच शब्द पुण्याच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या अर्थानं छापून येतोय: कोयता गँग. मिसरूड न फुटलेली पोरं, हातात ऊस तोडायचं पातं, फोडलेल्या गाड्या आणि मोबाइलवर फिरणारी चित्रफीत. ही पोरं आमच्याकडूनच गेलेली असतात असं माझं म्हणणं नाही. अवजार मात्र तेच आहे, आणि ते शेतातून नाक्यावर कसं पोचलं, हा गेल्या पंचवीस वर्षांच्या मराठी गुन्हेपटाचा मुख्य विषय आहे.

परभणीत बसून हे सिनेमे पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. पोरगा गुन्हेगारीत आत कसा जातो, ही वाट आपल्या सिनेमाला तोंडपाठ आहे. तो बाहेर कसा येतो, हे मात्र त्यानं क्वचितच दाखवलं. बाहेर पडायचं एकच दार त्याला दिसतं, आणि त्या दाराबाहेर सरण रचलेलं असतं.

आत जाण्याची गोष्ट आपल्याकडे आधी साहित्यानं सांगितली. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्ये आला. त्याच सुमाराच्या जयवंत दळवींच्या ‘चक्र’नं झोपडपट्टीतला जगण्याचा फेरा दाखवला. १९६५ मध्ये भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’नं नाक्यावरच्या पोरांना त्यांच्याच भाषेत बोलू दिलं. आचार्य अत्र्यांनी त्यावर कडाडून टीका केली, पण नाक्याची भाषा मराठीत आली ती आलीच. ‘चक्र’वर रवींद्र धर्मराज यांनी १९८१ मध्ये हिंदी चित्रपट केला. त्यात वस्तीवर बुलडोझर फिरतो आणि कादंबरीच्या नावातला फेरा पूर्ण होतो.

मग गिरणगाव आलं. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर संपलाच नाही, गिरण्या मात्र संपल्या. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात या पडझडीचा आवाज एका खोलीत कोंडलेला आहे. घरातला एक मुलगा टोळीत जातो तो स्वभावानं वाईट म्हणून नव्हे. बापाच्या हातून निसटलेली प्रतिष्ठा त्याला तिथं सापडते म्हणून. महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये त्यावर ‘लालबाग परळ’ केला. खोलीतली घुसमट पडद्यावर रक्ताच्या चिळकांड्यांत बरीचशी वाहून गेली, तरी कारण आणि परिणाम यांची सांगड सुटली नाही. त्याआधी १९९९ मध्ये मांजरेकरांनीच ‘वास्तव’ केला होता. भाषा हिंदी, पण घर अस्सल मराठी. पावभाजीची गाडी टाकलेला रघू एका भांडणात हातून खून घडल्यानं भाई होतो, आणि अखेरीस आईच त्याला गोळी घालते. रीमा लागूंनी साकारलेली ती आई मराठी प्रेक्षकाच्या मनात घर करून राहिली. तिच्यामागोमाग एक सूत्रही घर करून राहिलं: या पोराची सुटका म्हणजे मृत्यू, आणि तो मृत्यू म्हणजे प्रेम.

पुढच्या सिनेमांनी हे सूत्र फारसं तपासलं नाही. अभिजित पानसे यांच्या ‘रेगे’त (२०१४) सुशिक्षित घरातल्या मुलाला टोळीचं आकर्षण चकमकीपर्यंत घेऊन जातं. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) हा या मालिकेतला मला सर्वांत महत्त्वाचा चित्रपट वाटतो, कारण तो गुन्हेगारीचं मूळ सातबाऱ्यात शोधतो. जमीन विकली गेली, पैसा उडाला, मालक होता तो शहरात राबायला आला. मोहन जोशींनी उभ्या केलेल्या त्या बापाच्या वाकलेल्या पाठीत अख्ख्या तालुक्याचा इतिहास आहे. ओम भुतकरचा राहुल त्या पाठीचा सूड घ्यायला निघतो. इथपर्यंत हा चित्रपट समाजशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवतो. अडचण पुढं येते. भाईगिरीचा निषेध करणारा हा चित्रपट भाईला चालताना, गाडीतून उतरताना, मान वळवताना ज्या डौलानं टिपतो, त्या डौलापुढं शेवटचा धडा फिका पडतो. प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्या पोरांच्या स्टेटसवर राहुलची चाल जाते, बापाची पाठ जात नाही. याच चित्रपटावर २०२१ मध्ये मांजरेकरांनी हिंदीत ‘अंतिम’ केला, तेव्हा तर नावातच शेवट ठरून गेला.

मरणाचा शेवट लेखकाला सोयीचा असतो. नायक मेला की त्याचा हिशेब मिटतो: ज्यांना त्यानं मारलं त्यांच्या घरी त्याला जावं लागत नाही, कोर्टाच्या तारखांना उभं राहावं लागत नाही, नोकरी मागावी लागत नाही. प्रेक्षकालाही दोन्ही सुखं मिळतात, अडीच तासांचा थरार आणि शेवटी न्याय झाल्याचं समाधान. पण जो पोरगा खरोखर या फेऱ्यात अडकलाय, त्याला असा सिनेमा काय सांगतो? एकदा आत गेलास की संपलास, म्हणून निदान थाटात संप. हा संदेश कुणी मुद्दाम दिलेला नसेल. एकाच शेवटाच्या गोष्टी सलग वीस-पंचवीस वर्षं सांगितल्या की तो आपोआप तयार होतो.

आता परभणीकडे येऊ. गुन्हेपटाच्या नकाशावर हा जिल्हा आहे, पण एकाच ठिपक्यानं: मानवत. १९७२ ते ७४ या दुष्काळाच्या काळात तिथं झालेल्या बायका-मुलींच्या खुनांनी सगळा महाराष्ट्र हादरला. अमोल पालेकरांनी त्यावरच १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांच्या पटकथेतून ‘आक्रीत’ केला. २०२४ मध्ये आशिष बेंडे दिग्दर्शित ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींचा तिला आधार आहे आणि त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकरांनी केली आहे. ‘आक्रीत’ची नजर वाड्यातल्या सत्तेवर आणि लालसेवर आहे, मालिकेची मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्याच्या तपासावर. दोन्ही कलाकृती गंभीरपणे केलेल्या आहेत. तरी पन्नास वर्षांत पडद्यावर आमची ओळख काळोख, गुप्तधन आणि नरबळी एवढीच उरावी, याचं वाईट वाटतं.

या प्रकरणात पारधी समाजाकडे कसं पाहिलं गेलं, हाही एक वेगळा सिनेमा आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का कागदावरून गेला, गावच्या नजरेतून गेला नाही. कुठं चोरी झाली की आधी पालावर गाडी जाते. पोलिसांनी ‘उचललं’ हे क्रियापद त्या पालावरच्या मुलाला शाळेच्या पुस्तकाआधी कळतं. त्याच्यासाठी गुन्हेगारीतून बाहेर पडणं म्हणजे केवळ वाईट संगत सोडणं नसतं. जे त्यानं केलेलंच नाही, त्यातून त्याला बाहेर पडायचं असतं.

आणि इथंच मराठी साहित्य सिनेमाच्या कितीतरी पुढं गेलेलं दिसतं. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चोरीचं शिक्षण हेच जिथं मुलाचं शिक्षण मानलं जाई, तिथून एक मुलगा शाळेत जातो, गिरणीत काम करतो, संघटनेत उभा राहतो. हे बाहेर पडणं एका रात्रीत होत नाही. आपली माणसं विरोध करतात, परकी विश्वास ठेवत नाहीत, पोट दोन्हींकडून चिमटा काढतं. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’तही (१९८०) शिक्षणाची वाट अशीच रक्तबंबाळ आहे. नामदेव ढसाळ तर मुंबईच्या ज्या वस्तीत वाढले, टॅक्सी चालवत जगले, तिथलीच भाषा घेऊन त्यांनी १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ लिहिला. सुटका कशी होते याचे इतके तपशीलवार दस्तऐवज मराठीत आहेत. आपल्या गुन्हेपटानं या कपाटाकडे अजून हात नेलेला नाही.

एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) नागपुरातल्या विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कामावर बेतलेला आहे. तो हिंदीत आहे, पण त्याची माती विदर्भाची आहे. अमिताभ बच्चन असूनही त्यातला खरा नायक अंकुश गेडामनं साकारलेला डॉन हा पोरगा. मंजुळे इथं एक धाडस करतात. चेंडू मिळाला, संघ झाला, टाळ्या पडल्या, इथं दुसऱ्या कुणाचा सिनेमा संपला असता. ‘झुंड’ त्यानंतर पोलीस ठाणं, कोर्ट आणि पासपोर्टच्या रांगेत शिरतो. एका आदिवासी मुलीला आपण कोण आहोत हे सिद्ध करायला बापासोबत कागद गोळा करत फिरावं लागतं. डॉनला जुना वैरी आणि जुनी केस सोडत नाही. विमानतळाच्या तपासणीत यंत्र वाजत राहतं, आणि त्याच्याजवळचं धारदार पातं टाकून दिल्याशिवाय त्याला पुढं जाता येत नाही. त्या एका कृतीत पश्चात्तापाचं भाषण नाही, आईची गोळी नाही. एक मुलगा हातातली एक वस्तू सोडतो, आणि ती सोडायला त्याला किती वर्षं लागली हे आपल्याला ठाऊक असतं. आपल्या गुन्हेपटातला हा मला सर्वांत मोठा क्षण वाटतो.

जगातल्या चांगल्या गुन्हेपटांनीही ही वाट शोधलेली आहे. ब्राझीलच्या ‘सिटी ऑफ गॉड’मध्ये (२००२) बंदुकांच्या गराड्यात वाढलेल्या बुस्कापेला कॅमेरा वाचवतो. लॉस एंजेलिसच्या वस्तीवरचा ‘बॉइझ एन द हूड’ (१९९१) दाखवतो की एक मुलगा कॉलेजपर्यंत पोचतो, कारण त्याच्या पाठीशी बाप ठामपणे उभा आहे. पलीकडच्या मुलाच्या वाट्याला तसा बाप येत नाही. दोन्ही चित्रपट हिंसा लपवत नाहीत. त्यांना एवढंच ठाऊक आहे की वाचणाऱ्याची गोष्ट मरणाऱ्याच्या गोष्टीपेक्षा लिहायला अवघड असते, म्हणून ती जास्त कसून लिहावी लागते.

आमच्या जिल्ह्याच्या गावात त्या अवघड गोष्टीचा माल जागोजागी पडलेला आहे. तडीपारीच घ्या. महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत माणसाला जिल्ह्याबाहेर काढता येतं. परभणीतून हद्दपार झालेला पोरगा हिंगोलीत, नांदेडात, जालन्यात कुणाकडे राहतो, काय खातो, कुणाच्या आसऱ्याला जातो? सुधारण्यासाठी बाहेर काढलेला नव्या टोळीच्या दारात पोचतो की एखाद्या गॅरेजमध्ये पाना हातात धरतो? चारित्र्य पडताळणीचा दाखला मागायला गेलेल्या मुलाची जुनी केस संगणकावर उघडते, तो क्षण कुणी चित्रित केलाय? नव्या मोंढ्यात हमाली करणारा, स्टेशन रोडवर टपरी टाकलेला, जामिनाच्या अटीमुळं दर आठवड्याला ठाण्यात सही करणारा पोरगा आपल्या पडद्यावर कुठं दिसतो? देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई गाठली की मगच त्याची गोष्ट सुरू होते, असं सिनेमानं जणू ठरवून टाकलंय.

पोलीस ठाण्याचंही तसंच. आपल्या सिनेमात कोठडीतला मार हा बहुतेक वेळा टाळीचा प्रसंग असतो. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद आणि अटकसत्र झालं, आणि अटकेतल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याचा गुन्हेपटांशी काही संबंध नाही. पण त्यानंतर निदान मला तरी तो टाळीचा प्रसंग पाहवत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’नं (२०१४) दाखवलं होतं की आवाज न चढवताही न्यायव्यवस्थेचं वजन माणसाच्या छातीवर ठेवता येतं. गुन्हेपटानं हा संयम शिकायला हवा.

बायका आणि भाषा या आणखी दोन उणिवा. या सिनेमांत आई रडते, प्रेयसी वाट पाहते, बहिणीचं लग्न मोडतं. पोराचा जामीन करायला डोरलं गहाण ठेवणारी, वकिलाच्या पायऱ्या झिजवणारी, मुकादमाची उचल अंगावर घेऊन दुसऱ्या हंगामाला निघणारी बाई कथेच्या मध्यभागी येत नाही. खऱ्या आयुष्यात मात्र सुटकेचा खर्च बहुतेक वेळा तीच भरते. भाषेबद्दल सांगायचं तर ‘काय करायलास’, ‘कामून’ ही आमची बोली पडद्यावर आली की ती हसवायलाच येते. परभणीच्या गांधी पार्कातल्या पोराच्या तोंडात मराठी आणि दखनी एका वाक्यात मिसळते, त्याच भाषेत तो धमकी देतो आणि त्याच भाषेत रडतो. या भाषेला दुःखाचा अधिकार मिळायला हवा.

तो देणारे लेखक या मातीत झाले आहेत. सातोन्याच्या बी. रघुनाथांनी निजामी राजवटीतल्या साध्या माणसांची घुसमट लिहिली. आजच्या गाव-तालुक्यातली सत्ता माणसाला कशी पिळते, हे आसाराम लोमटे यांच्या कथांत दिसतं. त्यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पटकथाकारांनी मुंबई-पुण्याच्या भाईंच्या दंतकथा थोडा वेळ बाजूला ठेवून ही पुस्तकं वाचावीत, असं मला कळकळीनं वाटतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला हंगाम संपून कारखान्यांचे पट्टे पडतात आणि टोळ्या परत येतात. घरात आल्यावर कोयता आढ्याला खोचला जातो. पाऊस येतो, पेरण्या होतात, गणपती जातात, आणि एक दिवस मुकादम नोटा घेऊन दारात उभा राहतो. घरातला अठरा वर्षांचा पोरगा तेव्हा वर बघतो. हा कोयता घेऊन फडात जायचं, की शहरातल्या मित्राचा फोन आलाय तिकडं जायचं, की तो तसाच आढ्याला राहू द्यायचा आणि सोमवारी आयटीआयची फी भरायची? तिसऱ्या वाटेसाठी पैसा लागतो, कागद लागतो, आणि पाठीशी उभं राहणारं एक माणूस लागतं. ही तिन्ही कुठून येतात हे दाखवणारा सिनेमा आपल्याला अजून करायचा आहे. त्यात एकही गोळी सुटली नाही तरी चालेल. पोराची नजर आढ्यावरून खाली येईपर्यंत प्रेक्षकाचा श्वास अडकलेलाच राहील.