गुणसूत्रांची साक्ष

ज्या गोष्टीला भाषेत नीटसे नाव नसते, तिच्याविषयी समाजात बहुधा भीती तरी असते, नाही तर थट्टा तरी. काही व्यक्तींचे शरीर जन्मतःच स्त्री व पुरुष ह्या दोन साच्यांत पुरतेपणी बसत नाही. दुसऱ्या काहींचे शरीर साच्यात बसते, परंतु त्यावरून ठरविलेल्या लिंगाला त्यांचे मन रुकार देत नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी आढळणेही शक्य असते. मराठीने आजवर ह्या सर्वांस एकाच शब्दाखाली कोंबले आहे. हिजडा, षंढ, नपुंसक हे जुने शब्द शिवीसारखे वापरले गेले. 'तृतीयपंथी' हा नवा शब्द सभ्य आहे खरा, पण मूळचा घोटाळा तोही तसाच ठेवतो. ह्या घोटाळ्याने आपल्या लेखनाचे काय झाले आणि माणसांचे काय झाले, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

हा घोटाळा परंपरेने आला, असे म्हणण्यास आधार नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात अशा व्यक्तींचे आठ प्रकार वेगवेगळ्या नावांनी सांगितले आहेत. त्यांची तेथे दिलेली कारणे आज कोणी मान्य करणार नाही. तथापि भिन्न वस्तूंना भिन्न नावे द्यावीत, एवढा विवेक त्या वर्गीकरणात निश्चित आहे. अलीकडच्या काळात रघुनाथराव कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून कामविषयक शास्त्र मराठीत बोलते केले. त्याबद्दल त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. इतकी किंमत देऊन मोकळी झालेली वाट आमच्या ललित लेखकांनी मात्र फारशी वापरली नाही.

त्यांनी ह्या व्यक्तींकडे पाहिलेच नाही, असे नव्हे. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर तर सबंध महाराष्ट्र लुब्ध होता. घरंदाज स्त्रिया त्यांच्या लुगड्याची व केशरचनेची नक्कल करीत. परंतु ते रंगभूमीवरचे स्त्रीत्व होते, आणि पडदा पडला की संपत असे. पुढे श्री. राजन गवस ह्यांनी 'चौंडकं' (१९८५) व 'भंडारभोग' (१९८८) ह्या कादंबऱ्यांत यल्लमाच्या जोगतिणी व जोगते ह्यांचे जिणे मराठी वाचकांपुढे मांडले. केसांत जट आली म्हणजे देवीने बोलावले, असे मानणाऱ्या समाजात शरीराची खूण कोण वाचतो व तिचा अर्थ कोण ठरवितो, हा प्रश्न त्यांनी धीटपणे उभा केला. २०१२ साली लक्ष्मी नारायण त्रिपाठी ह्यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन वैशाली रोडे ह्यांच्या शब्दांकनातून प्रसिद्ध झाले. ठाण्यातील एका सुस्थितीतील कुटुंबाने आपले अपत्य घराबाहेर काढले नाही, ही त्यातील गोष्ट आमच्या मते पुस्तकातील साऱ्या झगमगाटाहून मोलाची आहे. ह्या सर्व लेखनाचे ऋण मान्य करूनही एक उणीव सांगितली पाहिजे. त्यात देवी आहे, समाज आहे, घर आहे. पण दवाखाना जवळजवळ नाही. शरीराच्या आत काय चालले आहे, ह्याची विचारपूस करणारे पान मराठीत शोधावे लागते.

ही रिकामी जागा वृत्तपत्रांनी भरली, आणि आमचा मुख्य आक्षेप तेथेच आहे. दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे ह्यांची नोंद मूळची स्त्री म्हणून होती. २०१७ साली त्यांनी लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि शासनाच्या परवानगीनंतर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. तपासणीत त्यांच्या ठायी वाय गुणसूत्र आढळले होते, आणि बातम्यांतून तेच सर्वांत ठळकपणे सांगितले गेले. जणू त्या एका अक्षराने त्यांच्या मागणीला खरेपणा आला! दुसरे प्रकरण नाशिकचे. २०१८ च्या ग्रामीण पोलीस भरतीत उतरलेली एक तरुणी सर्व परीक्षा उत्तीर्ण झाली. परंतु वैद्यकीय तपासणीत तिची गुणसूत्रे पुरुषाची निघाली आणि नेमणूक अडली. ती जन्मापासून स्त्री म्हणूनच वाढली होती व शिकली होती. २०२२ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ह्यात तिचा काही दोष नसल्याचे मानले, आणि तिला शिपाईपदाखेरीज अन्य पदावर घेण्याची तयारी शासनाने दाखविली. एका ठिकाणी गुणसूत्रांच्या कागदाने दार उघडले, दुसऱ्या ठिकाणी तशाच कागदाने ते लावले गेले. दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष माणूस काय सांगत होता, ह्यापेक्षा कागद काय सांगतो ह्याला अधिक वजन मिळाले.

ह्या रीतीतून एक घातक समजूत रुजते. 'बिचारीचा इलाज नाही, तिच्या शरीरातच तसे आहे,' असे म्हणून आपण सहानुभूती देतो. आणि ज्या पारलिंगी स्त्रीच्या गुणसूत्रांत काहीच वेगळे निघत नाही, तिला ढोंगी ठरविण्यास मोकळे होतो. वस्तुतः पारलिंगी स्त्रियांपैकी बहुसंख्य अशाच असतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपले लिंग सांगण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच दिला, तो तपासणीच्या अटीवर नव्हे. २०१९ च्या कायद्याच्या मूळ पाठाने आंतरलिंगी शारीरिक भेदांची व्याख्या स्वतंत्र दिली खरी. पण त्याच पाठाने अशा सर्व व्यक्तींना पारलिंगी ह्या व्याख्येतही घातले, आणि भाषेतला जुना घोटाळा कायद्यातही शिरला.

मग गुणसूत्रांचा अहवाल निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. तो उपयोगी आहे, पण वैद्याला. पारलिंगी स्त्रीला संप्रेरकांचे, म्हणजे बोलभाषेत हार्मोनचे, जे उपचार देतात, त्यात बहुधा इस्ट्रोजेन असते आणि जोडीला पुरुषी संप्रेरक दाबणारे एखादे औषध असते. तिच्या ठायी दोन एक्स व एक वाय अशी गुणसूत्रे असली, तर चिकित्सा बदलते. ही अवस्था १९४२ साली क्लाइनफेल्टर ह्यांनी वर्णिली व तिचे गुणसूत्रांतील कारण १९५९ मध्ये कळले. पाचशे ते हजार मुलग्यांत सुमारे एकाला ती असते. अशा शरीरात पुरुषी संप्रेरक पुष्कळदा मुळातच कमी असते, म्हणून ते दाबण्याचे औषध थोडेच लागते किंवा लागतही नाही. हाडे ठिसूळ होण्याचा व शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मात्र अधिक असतो. म्हणून गोळीपेक्षा त्वचेवर लावावयाची पट्टी किंवा मलम बरे. दुसऱ्या एका अवस्थेत शरीर पुरुषी संप्रेरकाला दादच देत नाही. अशा बहुतेक व्यक्ती स्त्री म्हणूनच वाढतात. त्यांना ते संप्रेरक दाबणारे औषध देणे व्यर्थ होय. आणि लहानपणी त्यांच्या लैंगिक ग्रंथी काढल्या असतील, तर हाडांच्या रक्षणासाठी इस्ट्रोजेन अवश्य होते. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात विकारात शरीरातील मीठ वाहून जाते, त्यांना स्पायरोनोलॅक्टोनसारखे नेहमीचे औषध जीवघेणे ठरू शकते. चिठ्ठीवाचून दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून स्वतःच उपचार करणाऱ्या स्त्रीला ह्यातले काही कळण्याचा मार्ग नसतो.

सारांश, जो कागद औषधाची मात्रा ठरविण्यासाठी आहे, तो आपण माणसाची पात्रता ठरविण्यासाठी वापरतो. आणि जेथे त्याचा खरा उपयोग, तेथे तो कोणाला समजावून सांगत नाही. हा दोष एकट्या वैद्यांचा नव्हे. मेहकर व सिंदखेडराजा ह्यांच्या दरम्यान वसलेल्या दुसरबीडसारख्या गावातील एखाद्या घराची कल्पना करावी. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला, मिसरूड फुटत नाही, छाती भरू लागली आहे, आणि एके दिवशी तो आईला म्हणतो, 'मी मुलगी आहे.' ती माउली पुस्तकांच्या कपाटाशी गेली, तर तिला शिखंडी सापडेल, बृहन्नडा सापडेल, यल्लमाचा जोगता सापडेल. शहरातील डॉक्टरांपुढे बसून कोणता प्रश्न विचारावा, हे सांगणारे एक पानही बहुधा सापडणार नाही. आणि त्या डॉक्टरांनी तपासणीचा निकाल सांगितला, तर मुलाचे म्हणणे खरे की खोटे ह्याचाच तो निकाल, असे ती समजेल. कारण वर्तमानपत्राने तिला तेच शिकविले आहे.

कोणी म्हणेल, शरीरशास्त्र समजावणे हे वाङ्मयाचे काम नव्हे. आम्हांस हे मान्य नाही. क्षयावर, वेडावर, बाळंतपणावर मराठी लेखकांनी लिहिले, आणि त्या लेखनातून घरोघरी बोलण्याची भाषा तयार झाली. आंतरलिंगी व पारलिंगी हे दोन शब्द वेगळे ठेवावेत, एकाने दुसऱ्याची साक्ष काढू नये, आणि दोन्ही ज्या एका देहात भेटतात त्याची कथा चमत्कार किंवा शाप न करता लिहावी, एवढीच आमची लेखकांस विनंती आहे. असे लेखन जोवर होत नाही, तोवर दुसरबीडच्या त्या आईला आपले मूल आणि प्रयोगशाळेचा कागद ह्यांत कोणावर विश्वास ठेवावा, असा नसता पेच पडत राहील.