मानेवरचे २७ किलो

‘मोबाईल पाहताना मान ६० अंशांत वाकली, की मणक्यांवर २७ किलोंचा भार पडतो.’ हे वाक्य आरोग्यविषयक लेखांतून, भित्तिपत्रकांतून आणि मोबाईलवरच्या संदेशांतून आपल्या परिचयाचे झाले आहे. त्याला शास्त्रीय कसोटी लावून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते. कारण ते ऐकणारा अठरा वर्षांचा विद्यार्थी आपली मान बिघडलीच, अशी समजूत करून घेतो.

हा आकडा आला कोठून? न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली हा हिशेब प्रसिद्ध केला. ताठ मानेवर डोक्याचा भार सुमारे ५ किलो. १५ अंशांना १२, ३० अंशांना १८ आणि ६० अंशांना २७ किलो. हे आकडे कोणाच्या मानेत मोजलेले नाहीत. ते संगणकावरील प्रतिरूपातून काढलेले आहेत. ९० अंशांसाठी हे प्रतिरूप विश्वासार्ह नाही, हे लेखकानेच नमूद केले आहे.

यामागचे तत्त्व चुकीचे नाही. येथे तरफेचा नियम लागतो. डोके पुढे गेले, की टेकूपासूनचे त्याचे अंतर वाढते आणि मानेमागच्या स्नायूंना अधिक बळ लावावे लागते. परंतु भार वाढला म्हणजे इजा झालीच, हे यातून सिद्ध होत नाही. जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात डोक्यावर हंडा वाहणाऱ्या स्त्रिया आपण पाहतो. हंड्यात १५ लिटर पाणी असेल, तर पाण्याचेच वजन १५ किलो. त्याने त्रास होत नाही असे नव्हे. पण मान ही भार पेलणारी जिवंत रचना आहे, काचेची कांडी नव्हे.

मग प्रत्यक्ष पाहणी काय सांगते? ऑस्ट्रेलियात सतरा वर्षांच्या हजारांहून अधिक मुलामुलींची पाहणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत मानेची ठेवण आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. रिओ द जानेरो येथे १८ ते २१ वयाच्या १५० विद्यार्थ्यांच्या पाहणीतही (२०१८) तसेच दिसले. २०१९ साली १५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात प्रौढांमध्ये संबंध दिसला, किशोरांमध्ये नाही. प्रौढांतही दुखण्यामुळे मान पुढे आली, की मान पुढे आल्यामुळे दुखू लागले, हे अशा एकवेळच्या पाहणीतून ठरत नाही.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून घ्यावा. विद्यार्थ्याला बाजूने उभे करून छायाचित्र घ्यावे. मानेच्या मुळाशी हाताला लागणारा मणक्याचा उंचवटा आणि कानाच्या छिद्रापुढचा छोटा उंचवटा जोडणारी रेषा काढून तिचा क्षितिजसमांतर रेषेशी होणारा कोन मोजावा. तो बहुधा ५० अंशांच्या आसपास असतो. डोके जितके पुढे, तितका तो लहान. त्याच विद्यार्थ्याचा कोन दिवसातून तीनदा मोजावा आणि तिन्ही आकडे शेजारी मांडावेत. एका छायाचित्रावरून कोणाला ‘वाकड्या मानेचा’ ठरवणे किती योग्य, याची चर्चा मग आपोआप होईल.

याचा अर्थ मानदुखी खोटी आहे असा नाही. भोकरदन किंवा मंठ्याहून एस.टी.ने येऊन जालन्याच्या अभ्यासिकेत तासन्‌तास बसणाऱ्याची मान खरोखर दुखते. आमच्या मते दोष एखाद्या कोनापेक्षा न हलता बसण्यात अधिक आहे. अपुरी झोप आणि परीक्षेचा ताण त्यात भर घालतात. अर्ध्या तासाने उठावे, पुस्तक मांडीऐवजी उंचावर ठेवावे, हनुवटी सरळ मागे घेण्याचा व खांदे मागे खेचण्याचा व्यायाम नियमित करावा. व्यायामाने डोक्याची ठेवण सुधारते व दुखणेही काहीसे कमी होते, असे अभ्यास सांगतात. मात्र हाताला मुंग्या येणे, हातातली ताकद कमी होणे, ताप किंवा अपघातानंतरचे दुखणे असेल, तर डॉक्टरांकडेच जावे.

भीती घालून मुले चार दिवस ताठ बसतील. हिशेब कसा केला आणि तो कोठे थांबतो, हे समजावले तर ती मान हलवतील, आणि पुढचा असा आकडा समोर आला तर तो कोणी व कसा मोजला, हेही विचारतील.