मडक्यावरचा देव: दडलेला की आपण बसवलेला?

प्राचीन इजिप्तच्या मातीच्या भांड्यांविषयी वाचताना 'दडलेले' हा शब्द वारंवार भेटतो. नागमोडी रेघेत दडलेला साप, नक्षीच्या वळणांत दडलेले बैलाचे तोंड, हात वर केलेल्या बाईत दडलेली गोमाता. या मोहात मीही पडलो होतो. काही वर्षांपूर्वी एका घटाच्या छायाचित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून मी त्यावरच्या दोन सर्पिलांमधून बैलाचे मस्तक शिंगांसकट काढले आणि चारचौघांना कौतुकाने दाखवले. पुढे त्याच घटाचे सपाट उलगडलेले रेखाटन हाती आले. त्यात ती सर्पिले सबंध पोटाभर सारख्या अंतराने फिरत होती. बैल कुठेच नव्हता. मडके गोल, छायाचित्र सपाट. माझा बैल कुंभाराने रंगवलेला नव्हता, छायाचित्राच्या कडांनी तो घडवला होता.

तेव्हापासून एकच प्रश्न मागे लागला आहे: भांड्यावर खरोखर काय आहे आणि आपण त्यावर काय बसवतो?

या भांड्यांचा अभ्यासच मुळी अशा एका गफलतीतून सुरू झाला. १८९४-९५ साली फ्लिंडर्स पेट्री यांनी वरच्या इजिप्तमधील नकादा येथे दोन हजारांहून अधिक थडगी उकरली. त्यांतली भांडी ओळखीच्या इजिप्शियन भांड्यांसारखी नव्हती. पेट्रींनी निष्कर्ष काढला, की ही बाहेरून चालून आलेल्या एका 'नव्या वंशा'ची असावीत. १८९६ साली जाक द मॉर्गन यांनी दाखवले, की हे लोक परके नव्हते. ते फेरोंच्याही आधीचे इजिप्तवासीच होते. पेट्रींनी पुढे ते मान्य केले, आणि त्याच मडक्यांच्या आकारांतल्या बदलांवरून थडग्यांचा कालक्रम लावण्याची पद्धत शोधली.

त्या पद्धतीचा एक मोठा आधार म्हणजे नागमोडी मुठींचे रांजण. जुन्या रांजणांना धरण्यासाठी बाहेर आलेल्या, लाटांसारख्या मुठी होत्या. पुढे रांजण सडपातळ झाले, मुठी आक्रसल्या, आणि शेवटी भांड्याच्या गळ्याखाली नुसती एक नागमोडी पट्टी उरली. तिच्यात साप पाहणाऱ्याने तिची आजी पाहिलेली नसते. तो साप नव्हे, विसरली गेलेली मूठ आहे.

मग या भांड्यांवर प्राणी नाहीतच का? भरपूर आहेत, आणि ते उघड आहेत. नकादा संस्कृतीच्या पहिल्या टप्प्यात तांबड्या, घोटलेल्या भांड्यांवर पांढऱ्या रंगाने पाणघोडे आणि मगरी काढल्या जात. मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयातल्या एका थाळीत धनुर्धारी शिकारी चार कुत्र्यांच्या दोऱ्या धरून उभा आहे. इ.स.पू. ३५००च्या सुमारास फिकट पिवळसर भांड्यांवर तपकिरी-तांबड्या रंगात अनेक वल्ह्यांच्या नावा, लांब मानेच्या पक्ष्यांच्या रांगा आणि हात उंचावलेल्या स्त्रिया दिसू लागतात.

या स्त्रियांपाशीच आपली कसोटी लागते. त्यांचे आत वळलेले हात गाईच्या शिंगांसारखे दिसतात. म्हणून ती हाथोर किंवा तिची पूर्वज, असे अनेकांनी मांडले आहे. कल्पना हास्यास्पद नाही. गिर्झा येथे सापडलेल्या त्याच काळातल्या एका दगडी पाटीवर शिंगे आणि तारे असलेले गाईचे मस्तक कोरलेले आहे. गोरूपी दैवत त्या लोकांना ठाऊक असावे. पण ते पाटीवर आहे, बाईत नाही. शिवाय अबायडोस येथील यू-२३९ या थडग्यातल्या, याहून जुन्या घटावर हात उंचावलेल्या मोठ्या पुरुषाकृती आहेत, आणि त्यांच्याजवळ बांधलेली छोटी माणसे. तिथे हीच मुद्रा गाईची नव्हे, विजेत्याची आहे. एकाच मुद्रेला दोन ठिकाणी दोन अर्थ लागत असतील, तर केवळ हातांच्या बाकावरून देवी ठरवता येत नाही.

उलट ज्याच्याकडे फारसे कुणी पाहत नाही, तिथे देव भेटतो. नावांवरच्या केबिनींशेजारी उंच काठ्या असतात आणि त्यांच्या टोकांवर निरनिराळी चिन्हे. त्यांतले एक दोन्ही बाजूंना टोके असलेले आडवे चिन्ह पुढील काळात सुपीकतेचा देव मिन याचे चिन्ह म्हणून येते. पेट्रींनी नकादाच्या आदल्याच हंगामात नदीपलीकडे कोप्टोसला मिनचे भव्य पाषाणपुतळे शोधले होते; ते आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत. त्यांच्या अंगावर हेच चिन्ह कोरलेले आहे. चिन्ह कशाचे, यावर वाद आहे. कुणाचे, यावर फारसा नाही. चिन्ह तेच, प्रदेश तोच, आणि पुढे लिपी आल्यावरही ते त्याच देवाचे राहते. असा पुरावा कोणत्याही 'दडलेल्या' आकृतीपाशी नाही.

यावरून मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठरवले आहेत. आकृती एकाच भांड्यावर आहे की पुन्हा पुन्हा येते? त्याच काळातल्या दुसऱ्या एखाद्या वस्तूवर ती स्पष्ट दिसते का? आणि भांडे फिरवले तर ती टिकते का? माझा बैल तिसऱ्यातच पडला.

कुणी म्हणेल, एवढ्या शंकांनी त्या मडक्यांतली जादूच जाईल. मला तसे वाटत नाही. लिपीपूर्व माणसाच्या हातातल्या भांड्यावर हजार-दोन हजार वर्षांनंतरचे देव बसवले, की तो माणूस पुसला जातो. पेट्रींच्या 'नव्या वंशा'ने त्याला एकदा त्याच्याच घरात परका केले होते, आपण दुसऱ्यांदा करतो. त्याने पाणघोडा काढला, कारण नदीत पाणघोडा होता आणि त्याची भीती होती. नावेवर देवाचे चिन्ह काढले, कारण ते सर्वांना दिसावे अशी त्याची इच्छा होती. त्याने काही दडवले नव्हते. पाच हजारांहून अधिक वर्षांनी ते वाचायचे, तर आधी त्याने उघड दाखवलेले नीट पाहावे लागेल.