बांधणीत हरवलेली समीक्षा : वसंत सरवटे यांची रेषा

वसंत सरवटे यांचे नाव आपण व्यंगचित्रकार म्हणून घेतो किंवा पुलंच्या पुस्तकांची 'सजावट' करणारे म्हणून. या 'सजावट' शब्दाशी माझे भांडण आहे. सरवट्यांची चित्रे ही मराठी साहित्याची रेषेत केलेली समीक्षा आहे आणि समीक्षेच्या इतिहासांनी तिची नोंद घ्यायला हवी.

सरवटे ३ फेब्रुवारी १९२७ रोजी कोल्हापुरात जन्मले. शिक्षणाने आणि पेशाने ते स्थापत्य अभियंता. एसीसी या सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी चित्रे काढली. कलाशाळेचा शिक्का त्यांच्यावर नव्हता. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या रंगांनी मराठी वाचकाचे डोळे दिपले होते, त्या काळात या माणसाने बारीक, एकसुरी जाडीची, छायाप्रकाश टाळणारी रेषा पत्करली. न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेला सॉल स्टाइनबर्गही वास्तुकलेचा पदवीधर होता. दोघांच्याही रेषेत आराखड्याची शिस्त आहे. नकाशा काढणाऱ्याला कोणती भिंत भार पेलते हे आधी कळावे लागते. सरवटे लेखनाकडे त्याच नजरेने पाहतात.

'बटाट्याची चाळ' (१९५८) घ्या. पुलंची चाळ ही इमारत आहे आणि शेजाराची घट्ट वीणही आहे. माणसे सुटी काढली तर अर्कचित्रे होतील, नुसती इमारत काढली तर देखावा होईल. सरवट्यांच्या रेषेला माणूस आणि वास्तू सारख्याच महत्त्वाची वाटतात, म्हणून ती या पुस्तकाला मानवते. हा मजकुराचा अन्वयार्थ आहे.

'ललित'मधल्या ठणठणपाळाबाबत तर ते सहनिर्माते ठरतात. जयवंत दळवी टोपणनावाच्या आड होते, तेव्हा वाचकासमोर होता तो सरवट्यांनी काढलेला, हातोडा घेतलेला ठणठणपाळ. शब्द दळवींचे, देह सरवट्यांचा. त्या सदराचा खोडकरपणा कुठवर जाईल आणि कुठे थांबेल, हे त्या देहानेही ठरवले असे मला वाटते. इतका गमत्या माणूस हातोडा उगारतो, पण डोके फोडत नाही.

'ललित'च्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर सरवट्यांनी वर्षानुवर्षे लेखकांनाच उभे केले. दिवा घेतलेल्या सुंदरीची जागा साहित्यिकांच्या मेळ्याने घेतली. कोण कुणाशेजारी बसला आहे, कोण पाठ फिरवून आहे, यातून त्या वर्षाच्या साहित्यव्यवहारावर भाष्य होई. जालन्यासारख्या गावात लेखक व्याख्यानाला क्वचित येत. माझ्या पिढीतल्या अनेकांनी त्यांचे चेहरे आधी याच रेषेत पाहिले. या चित्रांची एक मर्यादाही इथूनच ठळक दिसते. हा मेळा बव्हंशी मुंबई-पुण्याचा आहे. चेहरे ओळखणाऱ्याला विनोद कळतो, न ओळखणारा दाराबाहेर राहतो. शिवाय सरवटे चिमटा काढतात, ओरखडा क्वचितच. समीक्षक म्हणून हे सौजन्य कधीकधी महागात पडते.

तरीही ती समीक्षा आहे आणि ती नाहीशी होत आहे. जिल्ह्यातल्या एका ग्रंथालयात मी जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव खंड चाळले. लेख, कथा, कविता शाबूत होत्या. मुखपृष्ठे मात्र बांधणीआधी काढून टाकलेली. बांधणाऱ्याचा दोष कसा म्हणावा? मुखपृष्ठ म्हणजे वेष्टन, हे त्याला आपणच शिकवले. लेखांच्या सूचीत चित्रकाराचे नाव नसते, पुस्तकाच्या परीक्षणात रेखाटनांवर एखादे वाक्य आले तरी पुष्कळ.

सरवट्यांवरच्या एका ग्रंथाचे नावच 'रेषालेखक वसंत सरवटे' असे आहे. लेखक हा शब्द त्यात शोभेला घातलेला नाही. तो आपल्याला मान्य असेल तर सूचीकारांनी चित्रकारांची वेगळी नोंद सुरू करावी आणि ग्रंथालयांनी मुखपृष्ठासकट अंक बांधावेत. खर्च वाढेल तो एका पानाचा.