उघडा हात: कमी खर्चातल्या बोधचिन्हाची कसोटी

प्रस्तावना

छोटा व्यवसाय सुरू करणाऱ्यापुढे एक प्रश्न हमखास येतो. हातात दहा-पंधरा हजार रुपये आहेत. त्यातून बोधचिन्ह, म्हणजे लोगो, करून घ्यायचा, तर पैसे नेमके कशावर खर्चावेत? या टिपणात आपण चंडीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समधील ‘उघडा हात’ या आकृतीची समीक्षा करून त्याचे उत्तर शोधू. शहराची आणि दुकानाची ऐपत वेगळी असते, पण चांगल्या चिन्हाचे गुण दोघांना सारखेच लागतात.

१. आकृती आणि वास्तू

ल कॉर्बुझिए यांनी सचिवालय, विधानसभा व उच्च न्यायालय यांच्या परिसरासाठी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस हा हात कल्पिला. त्यांचे निधन १९६५ साली झाले. स्मारक मात्र १९८५ साली उभे राहिले. विलंबाच्या कारणांत खर्चही होता. सुमारे २६ मीटर उंचीचे, वाऱ्याबरोबर फिरणारे धातूचे शिल्प उभारणे सोपे नव्हते. कागदावरची आकृती मात्र त्यासाठी अडून राहिली नाही. आज चंडीगड प्रशासनाच्या बोधचिन्हात हाच हात आहे.

येथे पहिला मुद्दा स्पष्ट होतो. चिन्ह आणि त्याची अंमलबजावणी हे दोन वेगळे खर्च आहेत. अंमलबजावणी पुढे ढकलता येते. पाटी आज रंगवून घ्यावी, दिव्यांची पाटी दोन वर्षांनी लावावी. चिन्ह मात्र पहिल्या दिवसापासून पक्के हवे, कारण ते बदलले की तोवर झालेली ओळख पुसली जाते.

२. गुण

या हाताची ताकद त्याच्या बाह्यरेषेत आहे. रंग, छटा, बारकावे काढून टाकले तरी तो ओळखू येतो. रबरी शिक्क्यावर, पावतीच्या कोपऱ्यात, एकाच शाईत तो टिकतो. छोट्या व्यवसायासाठी हा केवळ सौंदर्याचा गुण नाही, ती बचत आहे. चार रंगांवाचून न उमटणारे चिन्ह प्रत्येक पिशवीवर, प्रत्येक डब्यावर जादा छपाईखर्च मागत राहते.

मात्र साधे म्हणजे स्वस्त, असा निष्कर्ष काढू नये. कॉर्बुझिए ही आकृती वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा रेखाटत होते. साधेपणा ही गाळून गाळून उरलेली गोष्ट असते. म्हणून रेखाटनकाराला द्यायचे पैसे या गाळण्याच्या कामाचे असावेत. दहा वेगवेगळ्या नमुन्यांचे नव्हेत.

३. दोष

‘देण्यासाठी उघडा, घेण्यासाठी उघडा’ हा या हाताचा अभिप्रेत अर्थ. तो आकृतीतून आपोआप कळत नाही, सांगावा लागतो. अनेकांना त्यात पक्षी दिसतो. कलाकृतीत ही संदिग्धता समृद्धी ठरते, दुकानाच्या पाटीवर ती महाग पडते. शहराला अर्थ समजावून सांगायला मार्गदर्शक, पुस्तके आणि २०१६ साली मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा आहे. पोळीभाजी केंद्राजवळ यांतले काही नसते.

दुसरा दोष शेजाराचा आहे. हाताचा पंजा १९७८पासून काँग्रेसची निवडणूक निशाणी आहे. कॉर्बुझिए यांची कल्पना त्याच्या आधीची. पण शिल्प उभे राहिले तेव्हा हाताला देशभर दुसरा अर्थ चिकटलेला होता. चिन्ह कधी एकटे वाचले जात नाही, म्हणून आधी आजूबाजूची चिन्हे पाहावीत.

४. तुलना: कोल्हापूरचा चष्मा

अर्थ सांगावा न लागणारे चिन्ह कसे असते, हे पाहण्यासाठी २०१४ सालचे स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह घेऊ. खुल्या स्पर्धेतून निवडलेले हे चिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे असून बक्षीस ५०,००० रुपयांचे होते. गांधीजींचा चष्मा लोकांच्या मनात आधीच होता. तो नव्याने शिकवावा लागला नाही. परिसराला परिचित वस्तू निवडली की प्रसिद्धीचा बराच खर्च वाचतो. मात्र स्पर्धेची पद्धत छोट्या व्यावसायिकाने उचलू नये. तिच्यात एकाला मोबदला मिळतो आणि बाकीच्यांचे श्रम फुकट जातात.

५. हक्कांचा खर्च

पैसे दिले म्हणजे चिन्ह आपले झाले, हा समज धोक्याचा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी व स्वाक्षरीसह लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. म्हणून करारात दोन्ही स्पष्ट लिहून घ्यावे. व्यापारचिन्ह नोंदणीचा ऑनलाइन अर्ज व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योगांना प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपयांत करता येतो; त्याआधीचा शोध सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य घेता येतो. अंदाजपत्रकात ही रक्कम आधी बाजूला काढावी.

निष्कर्ष

‘उघडा हात’ आकृती म्हणून यशस्वी आहे, संदेश म्हणून उसन्या आधारावर उभा आहे. कमी पैशांत त्याची रेषा घ्यावी, त्याचे गूढ घेऊ नये. खर्चाचा क्रम असा ठेवावा: विचार, रेखाटन, हक्क आणि शेवटी झळाळी.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील एका दुकानाचे बोधचिन्ह एकाच शाईत, एक सेंटिमीटर आकारात काढा. काय हरवले ते लिहा.
२. ‘चिन्हाचा अर्थ सांगावा लागणे हा नेहमीच दोष असतो का?’ दोन उदाहरणांसह चर्चा करा.